मुलं स्वतःहून उचलतील अशी पुस्तकं निवडताना

मुलांसाठी पुस्तकं निवडायची म्हटलं की पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की वय किती, पण इंदूरच्या मराठी घरांत तेवढ्याने भागत नाही, कारण आमची मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत इंग्रजी आणि हिंदी वाचतात, आणि खाली खेळायला गेली की पूर्ण हिंदीच. त्यामुळे नऊ वर्षांचं मूल हिंदी धडाधड वाचतं पण मराठी वाचायला बसवलं की पहिलीतल्यासारखं एकेक अक्षर जुळवत बसतं, आणि डोकं मात्र नऊ वर्षांचंच असतं ना! त्याला अगदी छोट्यांचं पुस्तक दिलं तर म्हणतं हे बेबी लोकांचं आहे, आणि पुण्यातल्या नऊ वर्षांच्या मुलाचं दिलं तर दुसऱ्या पानावर मिटून ठेवतं. म्हणून मी आता कुठलंही पुस्तक हातात घेतलं की हेच बघते, वाचायला सोपं आहे का आणि विषय त्या मुलाच्या वयाला शोभतो का. दोन्ही एकत्र मिळणं कठीण आहे पण मिळतं, शोधावं लागतं.

आमच्या सुदामा नगरच्या गल्लीत मराठी घरं बरीच आहेत. गणपतीची वर्गणी थोडी उरली होती, तर सगळ्यांनी ठरवलं की मुलांसाठी पुस्तकांचं एक कपाट करू या, मराठी पुस्तकांचं, आणि निवडायचं काम माझ्याकडे आलं कारण माझी दोन्ही मुलं त्याच वयातली आणि मलाही ह्यात मनापासून रस. पहिल्याच बैठकीत यादी तयार होती. थोरांची चरित्रं, बोधकथा, सुविचारांचा संग्रह, रामायण-महाभारताचे जाड खंड. समोरच्या काकू म्हणाल्या, अगं काहीतरी संस्कार व्हायला हवेत ना मुलांवर, नाहीतर मोबाईल आहेच. त्यांची काळजी मला पूर्ण पटते, त्यांची नातवंडं मराठीत उत्तरसुद्धा देत नाहीत, त्याचं त्यांना किती वाईट वाटतं ते मी बघते. पण मी म्हटलं काकू, आधी ती पुस्तकाजवळ येऊ देत, हसू देत, एक पुस्तक संपवून दुसरं मागू देत, मग चरित्रंही वाचतील. ज्या मुलाला मराठीतलं पहिलंच पुस्तक कंटाळवाणं मिळालं त्याच्या मनात मराठी पुस्तक म्हणजे कंटाळा हे कायमचं बसतं, आणि इथे तर शाळाही मदतीला नाही, घरातली पुस्तकं हीच काय ती संधी. काकू थोड्या नाराज झाल्या पण म्हणाल्या बघ बाई तुला काय योग्य वाटतं ते.

खरेदीच्या आधी मी शनिवारी संध्याकाळी मुलांना आमच्या ओट्यावर बोलवायला लागले. घरात होती ती, शेजाऱ्यांकडून आणलेली, लहानमोठी सगळी पुस्तकं सतरंजीवर पसरून ठेवायची आणि काही न बोलता बाजूला भाजी निवडत बसायचं. कोण काय उचलतं, किती वेळ धरतं, कुठे हसतं, कुठे पानं पटापट उलटतं. मोठ्या माणसांनी बसून केलेल्या यादीपेक्षा ह्या बघण्यातून मला खूप जास्त कळलं.

एक म्हणजे इथल्या मुलांची अडचण नेमकी कुठे आहे ते कळलं. हिंदीमुळे देवनागरी येते, त्यामुळे आईवडिलांना वाटतं की मराठी वाचता येतंच, पण वाचायला लावा म्हणजे दिसेल. हिंदीत ळ नाही, त्यामुळे बाळचं बाल होतं आणि मुलाला कळतच नाही काय वाचलं. ‘पुस्तकं’, ‘झालं’, ‘केलं’ यांच्या शेवटचा अनुस्वार आपण नुसता लांबवतो, पण ही मुलं तो पूर्ण म्हणतात, पुस्तकम् म्हणतात कधी, आणि मग स्वतःच गोंधळतात. ‘चांगला’ आणि ‘जवळ’ यातले च आणि ज हिंदीसारखे वाचले की रोज घरी ऐकलेला शब्दसुद्धा परका वाटतो. ह्यात मुलांचा काही दोष नाही आणि ओरडण्यासारखं तर काहीच नाही, फक्त आपल्याला हे माहीत असलं की पुस्तक निवडताना उपयोग होतो. बोलीभाषेत लिहिलेलं, संवाद भरपूर असलेलं पुस्तक ह्या मुलांना लवकर जमतं, कारण अडखळत वाचलेला शब्द आईच्या तोंडून रोज ऐकलेला असतो, एकदम ओळख पटते. याउलट ‘त्याने पाहिले, तो उद्गारला’ असलं छापील मराठी त्यांनी कधी ऐकलेलंच नसतं.

पाच बोटांची युक्ती बऱ्याच जणांना माहीत असेल, पुस्तकाचं मधलं एक पान मुलाला वाचायला द्यायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक सध्या अवघड आहे. ती मी वापरते, पण थोडी बदलून. ळ किंवा अनुस्वारामुळे अडखळला आणि मी शब्द उच्चारून दाखवल्यावर “अच्छा हे होय” म्हणाला तर ते बोट मी मोजत नाही. शब्द ऐकूनसुद्धा चेहरा कोरा राहिला तरच मोजते. ह्या एका बदलाने बरीच पुस्तकं, जी आधी अवघड वाटली असती, ती आत आली. आणि ही परीक्षा आहे असं मुलाला अजिबात वाटू द्यायचं नाही हं, बोटं आपली आपण मांडीवर मिटायची.

आता पुस्तकं आणायची कुठून. आमच्याकडे पुस्तकं म्हणजे खजूरी बाजार, पण तिथे मुख्य माल शाळा-कॉलेजच्या पुस्तकांचा आणि गाईडांचा, मुलांसाठी हिंदी-इंग्रजी मिळतं, मराठी गोष्टींची पुस्तकं हाताळून, उलटून बघून घ्यायची सोय नाही. मग पुण्याला कुणी जाणार असलं की यादी द्यायची, नाहीतर ऑनलाईन मागवायची. ऑनलाईनला अडचण ही की आतलं पान दिसतंच असं नाही, अक्षर केवढं ते कळत नाही. म्हणून मी पुण्यातल्या माझ्या वहिनीला सांगून ठेवलंय, दुकानात गेलीस की मला आतल्या दोन पानांचे फोटो पाठव, कव्हरचा नको. बिचारी पाठवते. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रांची पुस्तकं तिच्यामुळेच निवडता आली, त्यात चित्र आणि मजकूर दोन्हींवर मेहनत घेतलेली दिसते, घरातली माणसं, भांडणं, हट्ट, सगळं ओळखीचं असतं.

नॅशनल बुक ट्रस्ट, म्हणजे १९५७ साली सुरू झालेली सरकारी संस्था, तिची नेहरू बाल पुस्तकालय ही माला आहे, किंमत कमी आणि तीच पुस्तकं अनेक भारतीय भाषांत निघतात. आणि प्रथम बुक्स ह्या मुलांच्या पुस्तकांच्या संस्थेची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट, २०१५ मध्ये सुरू झालेली, तिथे मराठीत गोष्टी फुकट वाचता येतात, डाउनलोड करून छापताही येतात. तिथे चार पातळ्या केलेल्या आहेत, पहिलीत साधारण २५० शब्दांपर्यंतची गोष्ट, दुसरीत ६००, तिसरीत १५०० पर्यंत, चौथीत त्याहून मोठी. मला ह्याचा फार फायदा झाला कारण वय बाजूला ठेवून पातळी बघता येते. नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी मी दुसऱ्या पातळीतल्या गोष्टी शोधते पण विषय विज्ञानाचा, प्राण्यांचा, प्रवासाचा, म्हणजे बेबीचं आहे असं कुणी म्हणत नाही.

आणि ह्याच दोन ठिकाणांमुळे एक गोष्ट करता आली जी इंदूरसारख्या गावात मी प्रत्येक मराठी आईबापाला आग्रहाने सांगेन. एकच पुस्तक आधी हिंदीत द्यायचं आणि नंतर मराठीत. मुलाला गोष्ट माहीत असते, पुढे काय होणार कळलेलं असतं, चित्रं ओळखीची, मग भीती राहत नाही आणि वाचायला उलट मजा येते कारण तो स्वतःच तुलना करत बसतो. आमच्या गल्लीत एक मुलगा आहे, चौथीतला, मराठी पुस्तक म्हटलं की सरळ निघून जायचा, काकू मला नाही येत असं म्हणून. त्याला सापांचं वेड. हिंदीतलं सापांवरचं पातळसं पुस्तक त्याला दिलं, ते त्याने तिथेच सतरंजीवर पालथं पडून, पाय हवेत हलवत संपवलं. पुढच्या शनिवारी त्याच पुस्तकाची मराठी प्रत मी बाकीच्या ढिगात ठेवून दिली, काही बोलले नाही. त्याने कव्हर ओळखलं, “अरे हे तर माझंच आहे” म्हणाला आणि वाचायला लागला. ‘विषारी’ आणि ‘बिनविषारी’वर थांबला, विचार केला, पुढे गेला. कात टाकण्याच्या पानावर मला हाक मारून म्हणाला, काकू हिंदीत इथे केंचुली होतं. मग लहान मुलांना गोळा करून चित्र दाखवत त्याने मराठीत सगळं समजावून सांगितलं, मध्ये मध्ये हिंदी येत होतं, येऊ दे. त्याची आई दारात उभी राहून ऐकत होती, तिला विश्वासच बसेना.

माहितीच्या पुस्तकांबद्दल म्हणून मी इतकी आग्रही आहे. आपल्याकडे मुलांचं पुस्तक म्हणजे गोष्टीचंच असं धरून चालतात, पण कितीतरी मुलांना गोष्टीत रस नसतो, त्यांना डायनासोर हवा असतो, रेल्वेचं इंजिन, ग्रह, क्रिकेटचे रेकॉर्ड, मुंग्यांचं वारूळ. त्यांनाही वाचणारी मुलंच म्हणायचं. तसंच कॉमिक्सचं. एक बाबा मला म्हणाले तो वाचत कुठे, चित्रंच बघतो. अहो पण चित्र बघून, फुग्यातलं वाक्य वाचून, दोन चौकटींच्या मधे काय झालं असेल ते मनात जुळवणं हे वाचणंच आहे की, आणि नुकतं वाचायला लागलेल्या मुलाला फुग्यातलं छोटं वाक्य झेपतं. अमर चित्र कथेचे मराठी अंक ठेवलेत आम्ही, काकूंचं रामायण-महाभारत त्याच वाटेने आत आलं आणि काकूसुद्धा खूश.

पुस्तक हातात आलं की मी शेवटचं पान आधी बघते. तिथे ठळक अक्षरात तात्पर्य छापलेलं असेल तर ते पुस्तक माझ्याकडून सहसा परत जातं. लहान मुलांना गोष्टीतून काय घ्यायचं ते बरोबर कळतं, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा वेगळंच कळतं कधीकधी, तेच तर गंमतीचं असतं. भोपळ्यात बसून जाणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीतून काय शिकलात असं आपल्याला आजीने कधी विचारलं होतं का? ती म्हातारी वाघाला फसवून निघून जाते ह्यातच मजा आहे, आणि ती गोष्ट आपण आज मुलांना सांगतोय म्हणजे टिकलीच ना. मग मी चित्रं बघते. आई प्रत्येक चित्रात स्वयंपाकघरातच आहे का, जाड मुलाची नुसती टिंगल केलीय का, काळा रंग म्हणजे दुष्ट असं दाखवलंय का. मुलं चित्र आपल्यापेक्षा बारकाईने बघतात, कोपऱ्यातली मांजर त्यांना आधी दिसते, त्यामुळे हे पण त्यांना दिसतंच.

आणि एक पान मोठ्याने वाचून बघते. भाषांतर असेल तर हे केल्याशिवाय घेतच नाही. जीभ अडखळली, वाक्य दोन-दोनदा वाचावं लागलं, मुलं आपल्या आईशी बोलतात तसं बोलतच नसतील, तर चित्रं कितीही सुंदर असली तरी ते मुलांपर्यंत पोचत नाही. चांगलं भाषांतर मुळात मराठीतच लिहिल्यासारखं वाटतं, आणि तशीही आहेत, शोधली की सापडतात. शब्दांचा खेळ, पुन्हा पुन्हा येणारी ओळ, आवाजांचे शब्द, धपकन, सुर्रकन, टुणटुण, हे असलं की चार-पाच वर्षांची पोरं दुसऱ्या वाचनाला ती ओळ आपल्याबरोबर ओरडून म्हणतात. शी-शूचे विनोद असलेलं एक पुस्तक आणलं होतं, एका आजींना ते आवडलं नाही, पण सगळ्यात जास्त हशा त्यालाच होता, म्हणून मी ते काढलं नाही.

कागद-छपाईकडेही बघावं लागतं. अक्षर मोठं, ओळींत मोकळी जागा, एका पानावर तीन-चार ओळी, आणि अक्षरांवर चित्राचा गडद रंग आलेला नको, नाहीतर मात्रा-वेलांट्या दिसत नाहीत. दहा मुलांच्या हातातून जायचं असेल तर मधोमध पिना मारलेलं पुस्तक नुसत्या डिंकाने चिकटवलेल्यापेक्षा जास्त टिकतं, आणि सपाट उघडतं म्हणून दोघं-तिघं मिळून बघू शकतात. अगदी बाळांना जाड पुठ्ठ्याचीच द्यावीत, ती चावणार, तो त्यांचा हक्क आहे.

मासिकांना तर मी कपाटात पहिला मान दिलाय. मुलांच्या नावाने काहीतरी दर महिन्याला येतं याचंच त्यांना केवढं अप्रूप असतं. अगदी लहानांसाठी चिकूपिकू, मोठ्यांसाठी किशोर. किशोर बालभारती काढते, १९७१ पासून, आणि जुने अंक ऑनलाईन फुकट वाचता येतात, हे कितीतरी मराठी घरांना माहीत नाही. मी त्यातली कोडी आणि छोट्या गोष्टी छापून फाईल केलीय. हिंदीतलं चकमकसुद्धा ठेवलं, ते आपल्या भोपाळहून एकलव्य संस्था १९८५ पासून काढते. मराठी कपाटात हिंदी कशाला असा प्रश्न आलाच, पण त्यात मुलांनी स्वतः लिहिलेलं, काढलेलं छापून येतं, ते बघून आमच्या दोन मुलींनी मराठीत लिहून आणलं, ओट्यावर वाचून दाखवलं. वाचनाची आवड एका भाषेत लागली की ती दुसरीकडे जातेच, ह्यावर माझा पक्का विश्वास आहे.

एका आजोबांनी स्वतःच्या लहानपणची पुस्तकं दिली, पेटीभर, पिवळी पडलेली पानं, बारीक टाईप, जड भाषा. मुलं स्वतः ती वाचणार नाहीत हे उघड होतं, पण किती प्रेमाने जपलेली होती ती! मग मी आजोबांना म्हटलं, तुम्हीच वाचून दाखवा ना. आणि हे इतकं छान चाललंय. मूल स्वतः जे वाचू शकतं त्याच्यापेक्षा कितीतरी अवघड ते ऐकून समजू शकतं, त्यामुळे आमच्याकडे आता दोन कप्पे आहेत, एक मुलांनी स्वतः वाचायचा आणि एक मोठ्यांनी वाचून दाखवायचा. आजोबा आवाज काढून वाचतात, रंगात आलेलं असताना बरोबर थांबतात, मुलं ओरडतात, आजोबा अजून एक पान. इथेच त्यांच्या कानावर ते छापील मराठीही पडतं आणि मग पुढे वाचताना ते परकं राहत नाही. ज्यांच्या घरी वाचून दाखवणारं माणूस आहे त्यांनी पुस्तक निवडताना पातळीची फार चिंता करू नये.

कपाट म्हटलं तरी मुलं कपाट उघडत नाहीत असं दिसलं. नुसत्या कडा दिसतात, त्यावरून काय कळणार. म्हणून ओट्यावर सुतळी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं लावली, कव्हर समोर, मुलांच्या उंचीला. लगेच फरक पडला. वहीत नोंद मुलंच करतात, नाव, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात एक चेहरा काढायचा, हसरा, रडका, झोपलेला. झोपलेले चेहरे जास्त आले की मी ते पुस्तक काही दिवस आत ठेवते. अर्धवट सोडलेलं चालतं, कुणी का सोडलंस विचारत नाही. तेच ते पुस्तक पुन्हा पुन्हा नेलेलंही चालतं, एक मुलगी माकडाचं पुस्तक कितीतरी शनिवार नेत होती, तिची आई वैतागली, पण ती आता ते न अडखळता वाचते आणि धाकट्या भावाला वाचून दाखवते. फाटलं की मी चिकटपट्टी लावते, जे जास्त फाटतं त्याची दुसरी प्रत मागवते.

सध्या अडलंय ते अकरा-बारा वर्षांच्या मुलांपाशी, त्यातही मुलींपाशी. त्या इंग्रजीत जाड कादंबऱ्या वाचतात, मराठीत त्यांना शोभेल असं रहस्य, साहस, मैत्रिणींची भांडणं, शाळेतली गंमत, आणि तेही छोट्या प्रकरणांत, आजच्या बोलण्याच्या भाषेत, असं फार थोडं हाताला लागलंय. छोटी प्रकरणं मी मुद्दाम म्हणते, कारण एक प्रकरण एका बैठकीत संपलं की त्यांना स्वतःला जमल्यासारखं वाटतं. ह्या वर्षीच्या वर्गणीतले पैसे त्याच कप्प्यासाठी ठेवायचे ठरलंय, आणि निवडायला ह्या वेळी त्या मुलींनाच बसवणार आहे, वहिनीच्या फोटोंची पहिली खेप त्यांच्याच फोनवर जाईल.